घरच्या संगणकाला नेटवर्क ॲडाप्टर सापडेना : दुरुस्तीच्या नोंदी

२४ मे २०२५

काकांच्या साताऱ्यातील घरच्या संगणकाचे काम आज हाती घेतले. यंत्र जोडणी करून घेतलेले आहे. त्यात आय३-६१०० प्रोसेसर, एच११० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी मेमरी आणि नंतर बसवलेली एसएसडी आहे, आणि विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती चालते. नेटवर्कसाठी दोन साधने, म्हणजे दोन नेटवर्क ॲडाप्टर, आहेत. पहिले मदरबोर्डवरचे गिगाबिट लॅन, जे केबलने थेट घरात इंटरनेट आणणाऱ्या फायबरच्या पेटीला जोडलेले असते, आणि दुसरे मागच्या यूएसबी पोर्टात कायम लावलेले छोटे वायफाय डोंगल, जे केबल काढलेली असताना उपयोगी पडावे म्हणून ठेवलेले आहे.

तक्रार अशी की २१ तारखेच्या रात्रीपासून संगणकावर इंटरनेट नाही. घरातले फोन त्याच पेटीच्या वायफायवर व्यवस्थित चालतात, त्यामुळे लाइनचा प्रश्न तिथेच निकाली निघतो. संगणकावर मात्र सेटिंग्जमध्ये वायफायचे पानच दिसत नाही, नेटवर्क कनेक्शन्सची खिडकी पूर्ण रिकामी उघडते, आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग ही नेटवर्कची माहिती देणारी आज्ञा चालवली तर यंत्राचे नाव आणि दोनचार सर्वसाधारण ओळी येऊन थांबतात. ॲडाप्टरचा एकही परिच्छेद येत नाही. विंडोजच्या स्वतःच्या तपासणीचे उत्तर इतकेच की नीट बसवलेला नेटवर्क ॲडाप्टर आढळला नाही.

पूर्वपीठिका विचारून घेतली. २१ तारखेच्या संध्याकाळी वळवाचा पाऊस आणि जोरदार कडकडाट झाला. त्याच वेळी काका संगणकावरून एक व्हीपीएनचा, म्हणजे इंटरनेटवरून कार्यालयाच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणाऱ्या सोयीचा, प्रोग्रॅम काढून टाकत होते. माझी चुलत बहीण घरून काम करत असताना तिच्या कार्यालयासाठी तो बसवला होता आणि आता ती नोकरी बदलल्यामुळे त्याची गरज उरली नव्हती. ‘‘अरे, हिरवी पट्टी अर्ध्यावर आली होती आणि वीज गेली,’’ असे काकांनी सांगितले. इन्व्हर्टरची जोडणी फक्त दिवे आणि पंख्यांना आहे, संगणकाला नाही. वीज आल्यावर संगणक नेहमीसारखा सुरू झाला, पण नेटवर्क गायब होते.

गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात फोनवर विचारले असता ‘विंडोज नवीन मारून घ्या’ असा सल्ला काकांना मिळाला आहे. तो तूर्तास बाजूला ठेवला. कोणत्या थरात बिघाड आहे हे कळण्याआधी डिस्क पुसली, तर बिघाडाचा पुरावाही पुसला जातो. आणि बिघाड तारेत किंवा चिपमध्ये असेल तर कोरे विंडोजही तितकेच आंधळे असणार.

२५ मे २०२५, सकाळ

आज डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली उपकरणांची यादी, नीट वाचले. रिकाम्या खिडकीपेक्षा ही यादी बरेच जास्त सांगते. नेटवर्क ॲडाप्टर्स हा गट तिथे आहे, आणि त्यात वायफाय डोंगल पिवळ्या खुणेसह दिसते. गुणधर्म उघडल्यावर कोड ५६ मिळाला. या उपकरणाच्या वर्गाची मांडणी विंडोज अजून करत आहे, असा त्याचा मजकूर आहे. लपलेली उपकरणे दाखवण्याचा पर्याय निवडल्यावर वॅन मिनीपोर्ट नावाच्या विंडोजच्या स्वतःच्या आभासी ॲडाप्टरांवरही तीच खूण आणि तोच कोड आढळला. मदरबोर्डवरचे लॅन मात्र या लपलेल्या यादीतच फिकट अक्षरांत आहे आणि त्याचा कोड ४५ आहे, म्हणजे हे उपकरण सध्या संगणकाला जोडलेले नाही.

याचा अर्थ वरून एकच दिसणाऱ्या लक्षणाखाली दोन वेगळे बिघाड आहेत. नेटवर्क ॲडाप्टर वापरायला मिळेपर्यंत तो काही टप्प्यांतून जातो. आधी पीसीआय किंवा यूएसबी बसवर, म्हणजे उपकरणे संगणकाशी ज्या मार्गाने बोलतात त्यावर, चिपने आपली ओळख सांगावी लागते, मग त्या ओळखीवरून ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा प्रोग्रॅम, निवडला जातो, मग विंडोज त्या ॲडाप्टरला आपल्या नेटवर्क स्टॅकमधल्या (नेटवर्क हाताळणाऱ्या थरांच्या उतरंडीतल्या) प्रोटोकॉल आणि फिल्टरांशी जोडते, आणि त्यानंतर कुठे आयपी पत्त्याचा विषय येतो. लॅन पहिल्याच टप्प्यावर गळले आहे. डोंगल पहिले दोन टप्पे ओलांडून तिसऱ्यावर अडकले आहे. आयपी रिसेट करा, विनसॉक रिसेट करा, डीएनएस बदला, हे सगळे प्रसिद्ध उपाय चौथ्या टप्प्यावरचे असल्यामुळे इथे त्यांना हातही लावला नाही.

तिसऱ्या टप्प्याबद्दलचा तर्क तपासण्यासाठी माझा फोन यूएसबी केबलने जोडून त्यावरून इंटरनेट देऊन पाहिले. असे केल्यावर विंडोजला फोन हा एक नवा नेटवर्क ॲडाप्टर म्हणून दिसतो आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो, म्हणून ड्रायव्हर उतरवून घेण्यासाठी ही युक्ती सर्रास सुचवली जाते. इथे फोनही ओळखला गेला, त्याचे नाव यादीत आले, आणि काही क्षणांत त्यावरही कोड ५६ उमटला. हा फोन या संगणकाला यापूर्वी कधी जोडलेला नव्हता. नव्याकोऱ्या, धडधाकट ॲडाप्टरचीही तीच गत होत असेल तर डोंगलला दोष देण्याचे कारण राहत नाही.

२५ मे २०२५, दुपार

विंडोजला पूर्णपणे बाजूला ठेवून यंत्र काय पाहते हे जाणण्यासाठी उबंटू २४.०४ ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम पेन ड्राइव्हवरून, डिस्कवर काहीही न बसवता, चालवली. घरच्या दुरुस्तीत ही चाचणी सर्वांत आधी करावी असे माझे मत आहे. अर्ध्या तासात ती हार्डवेअर आणि विंडोज यांच्यातला वाद मिटवते, आणि तिने काही बिघडत नाही.

यूएसबी उपकरणांच्या यादीत डोंगल १४८एफ:७६०१ या ओळखक्रमांकाने दिसले, म्हणजे आतली चिप एमटी७६०१यू आहे. तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ४.२ या आवृत्तीपासून अंतर्भूत असल्यामुळे वेगळे काही बसवावे लागले नाही. घरच्या वायफायला जोडले आणि पाने उघडू लागली. डोंगल निर्दोष आहे.

मग एलएसपीसीआय या आज्ञेने पीसीआय उपकरणांची यादी काढली. ग्राफिक्स, साटा, यूएसबी, ध्वनी, सगळे आहे. इथरनेट कंट्रोलरची ओळच नाही. एरवी या बोर्डवर रिअलटेकच्या चिपची ओळ दिसायला हवी, जिचा निर्मातासंकेत १०ईसी आणि उपकरणसंकेत ८१६८ असतो. विंडोजच्या फिकट नोंदीतही हेच आकडे आहेत, त्यामुळे २१ तारखेपर्यंत ती चिप बसवर हजर होती याबद्दल शंका नाही. कर्नलच्या संदेशांतही तिचा उल्लेख नाही. जी चिप बसवरच बोलत नाही तिच्यासाठी कोणत्याही संकेतस्थळावरून कितीही नवा ड्रायव्हर आणला तरी तो कोणाला लावायचा हाच प्रश्न आहे.

२५ मे २०२५, रात्र

लॅनची चिप मेली असे लिहिण्याआधी ती केवळ झोपलेली नाही ना, हे पाहणे आवश्यक होते. संगणक बंद केला तरी एसएमपीएस या वीज पुरवणाऱ्या भागातून ५ व्होल्टचा राखीव पुरवठा मदरबोर्डला मिळतच राहतो, आणि नेटवर्कवरून संगणक जागा करण्याच्या सोयीसाठी लॅनची चिप त्यावर अर्धवट जागी असते. कधी कधी ती अशा अवस्थेत अडकते की पुन्हा सुरू केल्यावरही बसवर येत नाही, आणि नुसते बंद-चालू केल्याने हा राखीव पुरवठा तुटत नसल्यामुळे ती अवस्था दिवसेंदिवस टिकते. म्हणून भिंतीवरचे बटण बंद केले, वीजतार आणि लॅनची केबल दोन्ही काढल्या, कॅबिनेटचे बटण अर्धा मिनिट दाबून धरले आणि जेवण होईपर्यंत यंत्र तसेच ठेवले. पुन्हा लिनक्सवरून पाहिले. फरक नाही.

बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये, ऑनबोर्ड लॅन कंट्रोलर चालू ठेवलेलाच होता. घड्याळ बरोबर होते आणि सीआर२०३२ बॅटरीवर मल्टिमीटरने २.९ व्होल्ट मिळाले, त्यामुळे बॅटरी संपून बायोसच्या नोंदी विस्कटल्याची शक्यता राहिली नाही. तरीही बायोस मूळ नोंदींवर आणून पाहिले. नेटवर्कवरून बूट करण्याचा पर्याय चालू केला, कारण चिप जिवंत असती तर कोणतीही ऑपरेटिंग सिस्टिम नसतानाही बूटच्या यादीत ती दिसली असती. यादीत फक्त एसएसडी आणि पेन ड्राइव्ह आले.

निर्णायक पुरावा संगणकाबाहेर मिळाला. संगणकाची केबल फायबरच्या पेटीच्या पहिल्या लॅन पोर्टात होती. त्या पोर्टात माझा लॅपटॉप त्याच केबलने जोडला असता दिवा लागला नाही. दुसऱ्या पोर्टात तीच केबल लावल्याबरोबर १ गिगाबिटचा दुवा जुळला. म्हणजे केबल ठीक, आणि तिच्या दोन्ही टोकांचे पोर्ट एकाच संध्याकाळी गेलेले. हा विजेचा झटका आहे.

काकांचा रास्त प्रश्न असा होता की फायबर तर काचेची असते, मग तिच्यातून वीज कशी येईल. काचेतून ती येत नाही हे खरेच. पण खांबावरून घरापर्यंत ओढलेल्या फायबरला आधारासाठी बहुधा पोलादी तार असते, पेटीला वीज देणारा ॲडाप्टर घरच्या विजेच्या लाइनवर असतो, आणि पेटीपासून संगणकापर्यंतची तांब्याची केबल जवळ कडाडलेल्या विजेचा दाब स्वतःच पकडू शकते. लॅन पोर्टातल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरांनी १५०० व्होल्टपर्यंत दोन्ही बाजू विलग ठेवाव्यात अशी इथरनेटच्या प्रमाणाची अपेक्षा आहे. जवळच्या विजेपुढे तो आकडा फार मोठा नाही. त्यातही या प्रकारच्या चिपमध्ये केबलशी बोलणारा भाग आणि पीसीआय बसशी बोलणारा भाग एकाच तुकड्यावर असतात. म्हणून केबलच्या बाजूने शिरलेला झटका बसच्या बाजूलाही गप्प करू शकतो. काही बोर्डांवर हे दोन भाग वेगळे असतात, बसकडचा भाग चिपसेटमध्येच असतो, आणि तिथे असाच झटका बसला तर ॲडाप्टर यादीत दिसत राहतो पण चालत नाही. सारखाच अपघात दोन बोर्डांवर दोन रूपांत दिसतो तो यामुळे.

ऑनबोर्ड लॅन कायमचे गेले, अशी नोंद केली. बायोसमधून ते बंद केले.

३१ मे २०२५

आठवडाभराने परत आलो. मधल्या काळात मोसमी पावसाने यंदा २६ मे रोजीच मुंबई गाठली आणि वळवाचे दिवस आखडले. तोपर्यंत काकांनी पेन ड्राइव्हवरच्या उबंटूतून डोंगलने इंटरनेट वापरले आणि बँकेची कामेही केली. त्यांची फार गैरसोय झालेली दिसली नाही, हे पुढच्या एका निर्णयासाठी लक्षात ठेवले आहे.

आता कोड ५६. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या घटनांच्या नोंदवहीमध्ये २१ तारखेच्या रात्री वीज आल्यानंतरच्या सुरुवातीला कर्नल-पॉवरची ४१ क्रमांकाची नोंद आहे, म्हणजे आधीचे बंद होणे नीट झालेले नव्हते. उपकरणे आणि ड्रायव्हर यांच्या बसवण्या-काढण्याची तपशीलवार नोंद विंडोजच्या आयएनएफ फोल्डरमधल्या सेटअपएपीआयच्या लॉगमध्ये असते. ही फाइल लांबलचक असते, पण तिची रचना सोपी आहे. प्रत्येक कामाला सुरुवातीची आणि शेवटाची खूण असते. २१ तारखेच्या संध्याकाळी एका ड्रायव्हर पॅकेजच्या हटवण्याची सुरुवात आहे, शेवट नाही, आणि त्यापुढची ओळ थेट रात्री संगणक पुन्हा सुरू झाल्यानंतरची आहे. काकांनी सांगितलेल्या अर्ध्यावरच्या हिरव्या पट्टीची ही लेखी साक्ष.

अशा व्हीपीएन प्रोग्रॅमचा एक भाग नेटवर्क फिल्टर म्हणून स्टॅकमध्ये बसतो. ॲडाप्टर आणि टीसीपी/आयपी यांच्या मधून जाणारे प्रत्येक पाकीट त्याच्या हातून जावे, म्हणून प्रत्येक ॲडाप्टरला, पुढे कधीतरी जोडल्या जाणाऱ्या ॲडाप्टरलाही, आपल्याला जोडले जावे अशी नोंद तो करून ठेवतो. त्याच्यासोबत डीएलएल प्रकारची एक साहाय्यक प्रोग्रॅम-फाइलही असू शकते. जोडण्या बदलताना विंडोज तिला विचारून पुढे जाते. कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडून नेटसीएफजी या आज्ञेला ‘-एस एन’ जोडून स्टॅकमधल्या घटकांची यादी काढली, तेव्हा काढून टाकल्या गेलेल्या व्हीपीएनचा फिल्टर तिथे हजर होता. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात, कंट्रोल विभागाच्या नेटवर्क शाखेत ४डी३६ई९७४ ने सुरू होणारी जी चावी आहे, तिथे नेटवर्क सेवा आणि फिल्टरांची नोंद असते. तिथेही त्याचे नाव, वर्णन आणि त्याच्या आयएनएफ या बसवण्या-काढण्याच्या सूचनांच्या फाइलचा मार्ग शाबूत होता. त्या मार्गावर फाइल मात्र नव्हती, आणि प्रोग्रॅमच्या फोल्डरमधली डीएलएलही नव्हती. पंगतीत एका पाहुण्याचे ताट मांडलेले, पाहुणा गाव सोडून गेलेला, आणि तो बसल्याशिवाय कोणालाच वाढायचे नाही असा यजमानांचा दंडक, अशी विंडोजची स्थिती झाली होती. म्हणूनच डोंगल, फोन आणि आभासी मिनीपोर्ट सगळे एकाच ठिकाणी ताटकळत होते.

विंडोजमधला नेटवर्क रिसेट हा पर्याय इथे मोहात पाडणारा आहे. तो सगळे ॲडाप्टर काढून नव्याने बसवतो आणि वायफायचे साठवलेले पासवर्डही पुसतो. पण नव्याने बसणारा ॲडाप्टर पुन्हा त्याच हरवलेल्या फाइलची वाट पाहणार असेल तर हाती काही लागत नाही, आणि आत्ता ज्या नोंदींवरून हा माग लागला त्या मात्र विस्कटतात. सिस्टिम रिस्टोअरने, म्हणजे आधी साठवलेल्या स्थितीकडे परतण्याच्या विंडोजच्या सोयीने, मागे जाणे सोपे झाले असते. या यंत्रावर ते संरक्षण चालूच केलेले नव्हते.

१ जून २०२५

आधी डिस्कची पूर्ण प्रतिमा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली आणि रजिस्ट्रीतली नेटवर्कची शाखा वेगळी निर्यात करून ठेवली.

पहिला प्रयत्न सरळ मार्गाचा. नेटसीएफजीला ‘-यू’ आणि त्या फिल्टरचे यादीतले नाव देऊन तो काढायला सांगितले. फाइल सापडत नाही अशा अर्थाची त्रुटी येऊन काम थांबले. हे अपेक्षितच होते, कारण एखादा घटक कसा काढायचा याच्या सूचना त्याच्या आयएनएफमध्येच असतात आणि तीच फाइल गहाळ आहे.

रजिस्ट्रीतून त्या चाव्या हाताने खोडाव्यात असा उपाय पुष्कळ ठिकाणी सुचवलेला असतो. तो मी शेवटचा पर्याय म्हणून राखला. फिल्टराची नोंद एकाच जागी नसते. प्रत्येक ॲडाप्टरच्या जोडण्यांच्या यादीतही तिचे धागे असतात, आणि एक धागा राहून गेला की पुढचा बिघाड याहून अवघड होतो. त्यापेक्षा हरवलेल्या फाइली आहेत त्या जागी परत आणाव्यात, विंडोजला तिचे अडलेले काम पूर्ण करू द्यावे, आणि मग तिच्याच हाताने तो घटक काढवावा, हा मार्ग लांबचा असला तरी सुरक्षित वाटला.

त्यासाठी व्हीपीएनची नेमकी तीच आवृत्ती हवी होती. बहिणीने कधीकाळी उतरवलेली बसवणीची फाइल डाउनलोड्समध्ये तशीच पडून होती. तिच्या आवृत्तीचा क्रमांक रजिस्ट्रीतल्या नोंदीशी ताडून पाहिला, तो जुळला. नंतरची आवृत्ती बसवली असती तर तिच्या फाइलींची नावे वेगळी निघण्याची आणि एकाऐवजी दोन फिल्टर गळ्यात पडण्याची शक्यता होती. बसवणी सुरू करताच प्रोग्रॅमने आधीचा अर्धवट भाग ओळखून दुरुस्ती करू का, असे विचारले. होकार दिला. एका जागी पट्टी इतका वेळ थांबली की ती अडकली असे वाटावे, पण डिस्कचा दिवा लुकलुकत होता म्हणून थांबलो. ती पूर्ण झाली आणि यंत्र पुन्हा सुरू केले.

डिव्हाइस मॅनेजर उघडले तेव्हा डोंगलवर पिवळी खूण नव्हती. वॅन मिनीपोर्टही साफ होते. वायफायची यादी आली, पासवर्ड दिला, जोडणी झाली. आयपीकॉन्फिगमध्ये ॲडाप्टरचा परिच्छेद परतला.

यानंतर व्हीपीएन रीतसर काढला. या वेळी पेटी आणि संगणक दोन्ही शेजारच्या खोलीतल्या इन्व्हर्टरच्या सॉकेटवर घेऊनच काम केले. काढल्यानंतर लगेच पुन्हा सुरू केले, मधे दुसरे काहीही उघडले नाही. मग नेटसीएफजीची यादी पुन्हा पाहिली, फिल्टर गेलेला होता. रजिस्ट्रीतली नोंदही गेलेली होती. ड्रायव्हरच्या साठ्यात मात्र त्याचे पॅकेज एका ओईएम क्रमांकाच्या नावाने उरले होते, ते पीएनपीयूटिल या विंडोजच्या आज्ञेने काढले. फोन पुन्हा केबलने जोडून पाहिला आणि तो या वेळी पहिल्या झटक्यात नेटवर्क देऊ लागला. तिसऱ्या टप्प्याचा बिघाड संपल्याची ही माझ्या दृष्टीने खरी खूण होती, कारण नव्या ॲडाप्टरची जोडणी आता विनाअडथळा पूर्ण होते आहे.

सिस्टिम रिस्टोअर चालू करून पहिला बिंदू तयार केला.

७ जून २०२५

लॅनसाठी पर्याय दोन होते. यूएसबी ३.० वरचा गिगाबिट अडॅप्टर, किंवा मदरबोर्डवरच्या रिकाम्या पीसीआय एक्सप्रेस एक्स१ खाचेतले कार्ड. दोन्ही थोडक्या पैशांत मिळतात. कार्ड घेतले, कारण पुढचे यूएसबी पोर्ट काका पेन ड्राइव्ह आणि प्रिंटरसाठी वापरतात आणि मागचे भरलेले आहेत.

कार्ड बसवून आधी लिनक्सवरूनच पाहिले. एलएसपीसीआयमध्ये इथरनेट कंट्रोलरची ओळ आली, संकेत पुन्हा १०ईसी आणि ८१६८, म्हणजे मेलेल्या चिपच्याच घराण्यातली. पेटीच्या दुसऱ्या पोर्टाशी १००० मेगाबिटचा दुवा जुळला. तो १०० वर जुळला असता तर केबलच्या चार जोड्यांपैकी एखादी तुटकी आहे असे समजून केबल बदलावी लागली असती, कारण गिगाबिटला चारही जोड्या लागतात.

विंडोजमध्ये कार्ड आपोआप ओळखले गेले, पण त्याचे नाव इथरनेट २ असे पडले. घरातले कॅमेरे आपले चित्रण या संगणकावर ठरावीक पत्त्यावर पाठवतात, म्हणून १९२.१६८.१.१० हा जुना पत्ता नव्या कार्डाला द्यायला गेलो. तेव्हा विंडोजने सांगितले की हा पत्ता आता संगणकात नसलेल्या दुसऱ्या एका ॲडाप्टरला दिलेला आहे. बोर्डवरची चिप गेली, तरी तिचा पत्ता रजिस्ट्रीत तिच्या नावे राखून ठेवलेला होता. लपलेल्या यादीतून ती फिकट नोंद विस्थापित केली. त्या वेळी ड्रायव्हरही पुसावा का असा चौकोन येतो, तो मुद्दाम कोरा सोडला, कारण नवे कार्ड त्याच ड्रायव्हरवर चालते. मग पत्ता स्वीकारला गेला आणि कॅमेऱ्यांचे चित्रण पुन्हा साठू लागले.

१५ जून २०२५

तांत्रिक काम संपले होते, पण एक गोष्ट खटकत होती. कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात असे काकू बोलण्याच्या ओघात म्हणाल्या होत्या. आज त्या सॉकेटवर मल्टिमीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास दाब मिळाला, तो योग्यच. संगणक जोडलेला असताना अर्थ आणि न्यूट्रलमध्ये मात्र ११० च्या जवळ दाब होता. अर्थिंग नीट असते तर तो जेमतेम दोनचार व्होल्ट असायला हवा. एसएमपीएसच्या तोंडाशी गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून अर्थकडे जोडलेले असतात. अर्थची तार पुढे कुठेच पोहोचत नसेल तर कॅबिनेट या दोघांच्या मधोमध, म्हणजे पुरवठ्याच्या निम्म्या दाबावर तरंगते. प्रवाह अगदी थोडा असल्याने धक्का बसत नाही, झिणझिण्या मात्र येतात. विजेच्या झटक्याला जमिनीत उतरण्याची वाट या खोलीत नव्हती, हेही त्यातून कळले.

वायरमनने बोर्ड उघडला तर अर्थची हिरवी तार स्क्रूतून निसटून आतच लोंबत होती. ती कसून बसवल्यावर अर्थ आणि न्यूट्रलमधला दाब दोन व्होल्टवर आला. त्यानंतरच सर्ज प्रोटेक्टर असलेली पट्टी आणली. अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर अशी पट्टी बहुतांशी शोभेचीच ठरते, हे काकांना मल्टिमीटरवर दाखवले.

लॅनच्या बाजूने संपूर्ण विलगीकरण हवे असेल तर पेटी आणि संगणक यांच्यामध्ये तांब्याच्या केबलवरचे संदेश फायबरवर नेणारे-आणणारे दोन मीडिया कन्व्हर्टर लावून दोन मीटर फायबर टाकता येते. एका घरगुती यंत्रासाठी तो खटाटोप मला जास्त वाटला. त्याऐवजी एप्रिल-मे मध्ये वळवाच्या आणि ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसाच्या दिवसांत आभाळ भरून आले की लॅनची केबल संगणकाच्या बाजूने काढायची आणि तेवढा वेळ डोंगलवर चालवायचे, असे ठरले. पेटीचा पहिला पोर्ट चिकटपट्टीने बंद केला आहे, पेटी बदलून घेण्याची विनंती काकांनी सेवा पुरवणाऱ्यांकडे नोंदवली आहे.

एक विषय शिल्लक आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपतो आणि सहाव्या पिढीचा हा प्रोसेसर विंडोज ११ च्या मान्य यादीत नाही. काका आठवडाभर उबंटूवर विनातक्रार काम करू शकले होते, म्हणून सप्टेंबरमध्ये तेच एसएसडीवर कायमचे बसवून पाहणार आहोत. कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा प्रोग्रॅम त्यावर कसा चालतो याची चाचणी त्याआधी, दुसऱ्या डिस्कवर घ्यायची आहे. नवे लॅन कार्ड आणि डोंगल या दोघांचेही ड्रायव्हर कर्नलमध्येच असल्यामुळे त्या बाजूने अडचण येण्याचे कारण दिसत नाही.